उरलेलं

गेल्या दिवाळीनंतर डब्यात उरलेला चिवडा
मी रात्री अकराला, उभ्यानेच संपवला,
ओट्यावरचा दिवा न लावता.
पाहुणे जातात, फरसाण राहतं,
आणि फरसाणाला घराबाहेर काढायचा
मला एकच रस्ता माहीत आहे.

पेंढारकर डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडा लिहून
त्याभोवती गोल केला,
दुधाच्या खाड्याला आपण कॅलेंडरवर करतो तसा.
सहा किलो. मार्चपर्यंत.
आणि आता जळगावहून कुमुदताई येणार.
सोबत नातू. पाच दिवस.

शनिवारी जांभळी नाक्यावर उभी राहिले,
पाय सवयीने बाकरवडीच्या काचेकडे वळले.
म्हटलं, बाबांनो, इकडे.
फुटाणे घेतले, सालासकट. ज्वारीच्या लाह्या.
मखाणे, भाव ऐकून पाव किलोचे शंभर ग्रॅम झाले.
पेरू थोडे कच्चेच, गुरुवारपर्यंत टिकतील असे.
मटकी, आज भिजवली तर परवा मोड.
राजगिऱ्याचे लाडू वाणी सुटे देईना,
पुडाच घ्यावा लागला.
त्याचं मी फार वाईट वाटून घेतलं नाही.

डबे भरताना मात्र सासरच्या सगळ्या बायका
पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.
फुटाणे? जळगावच्या माणसांना?
ठाण्याच्या वहिनीने पाहुण्यांना पथ्यावर ठेवलं म्हणतील.
मागे न बघता झाकणं लावली.
तरी साजूक तुपाची बरणी
पिठाच्या डब्यामागे ठेवलीच, माझ्यापासून लपवून.
कुठे आहे ते मला माहीत आहे.

ताई आल्या. पिशवीतून निघाली
दोन किलो शेव, लसणाची, तिखट.
भरताची वांगी. केळ्याचे वेफर्स.
"तुला आवडते म्हणून."
मी म्हटलं, हो, आवडते.
खोटं नव्हतं, हीच तर अडचण.

आणि ताईंनी माझा फुटाण्यांचा डबा मांडीवर घेतला,
टीव्हीसमोर तासभर सोलत बसल्या.
"दात आहेत तोवर," एवढंच बोलल्या.
शेव टेबलावर, आम्हा दोघींच्या मधोमध,
तिसऱ्या बाईसारखी, सगळं ऐकत.

तिसऱ्या दिवशी अन्वयला पलंगाखाली वजनकाटा सापडला.
मग घरातलं सगळं त्याच्या कडेवर चढलं:
कुकर, इस्त्री, आजीची पर्स.
आधी वस्तूसकट, मग नुसता तो,
मग वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी.
"शेव एक किलो चारशे!"
म्हणजे सहाशे ग्रॅम कुणीतरी.
मी छताकडे पाहिलं.
ताईंनीही.

आजी चढली, पदर आवरून,
जणू पदराचंच वजन लागणार होतं.
"मामीआजी, आता तू."
म्हटलं, माझे पाय ओले आहेत रे.
तो पायपुसणं घेऊन आला.

चढले. डोळे मिटणार,
तोच त्याने मागून उडी मारून गळ्याला मिठी घातली.
आकडे गोंधळले, पळाले, परत आले, थांबले.
"आपण त्र्याण्णव!"
पेन्सिल कानावर होती, वही जमिनीवर उघडी.
वजाबाकी त्याला येत होती.
केली नाही.

गुरुवारी ती दोघं गेली.
उरलं ते असं: पिवळा पडलेला एक पेरू,
लाह्यांचा चुरा, तीन राजगिरा लाडू,
आणि शेव, आटली तरी बरीच.
चरईतल्या चार घरी वाटून आले.
पाचवं घर आपलंच.

रात्री अकराला ओट्यावरचा दिवा लावला.
मूठभर शेव ताटलीत काढली, पेरू चिरला,
खुर्ची ओढून
बसले.